हॉलमधली खाडी

विलासराव जगदाळ्यांच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये देवांपेक्षा जमिनीची सेवा जास्त होत असे. देवांची आंघोळ एखाद्या दिवशी राहिली तर राहिली, पण हॉलमधल्या लॅमिनेटवरून फडकं फिरायचं राहिलेलं विलासरावांना खपत नसे. तेही ओलं फडकं नव्हे. पिळून पिळून जीव गेलेलं फडकं, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच कोरडं. टेलिफोन खात्यात असताना मोठ्या साहेबांच्या केबिनला लाकडी जमीन होती, आणि त्या जमिनीवर फायली धरून उभं राहण्यात विलासरावांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं, तर घरातल्या जुन्या लाद्यांवर सागवानी रंगाचं लॅमिनेट टाकून घेतलं. ‘लाकूड कसलं, भुशाच्या फळीवर लाकडाचा फोटो आहे तो,’ असं सुचित्राबाई म्हणत. मात्र नवऱ्याच्या देखत म्हणत नसत.

अशा घरात सून आली ती बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातली. भाविकाचे वडील धर्मा नाखवा बेलापूरच्या खाडीत होडी घालणारे, आई कमळी मासे विकणारी. जिच्या माहेरी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओल, ती मुलगी इथे पाय पुसून, पुन्हा एकदा पुसून आत यायला शिकली. सासऱ्यांशी तिचं चांगलं जमायचं. तेही तिला मान द्यायचे, फक्त ती हातात पाण्याचा ग्लास घेऊन हॉलमधून चालली की त्यांची नजर ग्लासवरून हलत नसे.

त्या भाविकाने एका रविवारी चहाच्या वेळी सांगून टाकलं की तिला हॉलमध्ये माशांची टाकी ठेवायची आहे. चांगली लांबरुंद, स्टँडवरची. आणि तिच्यात नळाचं नाही, खाडीचं पाणी भरायचं आहे.

विलासरावांनी कप बशीत ठेवला. बशी टीपॉयवर ठेवली. मग टीपॉयखाली काही सांडलंय का ते पाहिलं.

“कोणासाठी?” त्यांनी विचारलं.

“दादांसाठी,” भाविका म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची.

दादांना काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशा समजुतीत बापलेक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत दिवा मारून पाहिलं, यंत्रापुढे बसवलं आणि मग खुर्ची जवळ ओढून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली आहे ती मधोमध, नळीतून बघावं तेवढी. थेंब घालत राहा, थेंबांनी रोगाची चाल मंद होईल, पण तो थांबेल असा शब्द देता येत नाही. भाविका नेरूळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, दिवसभर लोकांचे रिपोर्ट तिच्या हाताखालून जायचे. बापाचा रिपोर्ट मात्र तिला धड वाचवेना.

दादा त्या दिवशी रिक्षातून येताना उलट तिचीच समजूत काढत होते. “सगला बगून जाला माजा,” ते म्हणाले. “तुजा लगीन बगला. आपल्या पोराची, अंकुशची नवी होडी बगली. येकच ऱ्हायला.”

“काय ऱ्हायला?”

“खालचा. पान्याखालचा.” दादा बाहेर बघत होते, पण त्यांना बाहेरचं किती दिसत होतं कोण जाणे. “अख्खा जन्म त्या पान्यावर बसून काडला, पन खाली काय चाललाय ता कदी दिसला नाय. आपली खाडी गढूल. जाला टाकायचा नि वर येल ता बगायचा.” मग हसून म्हणाले, “जाव दे. ता देवाला तरी दिसत असंल का?”

माणूस हसत बोलतो तेच खरं असतं. भाविकाच्या मनात ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलं. तिने दादांना मोबाइलवर समुद्राखालचे व्हिडिओ दाखवले. दादांनी पाहुण्याच्या घरचं जेवण जेवावं तसे सभ्यपणे ते पाहिले आणि म्हणाले, “चांगला हाय. पन ही आपली मासली न्हाय.” दुकानातले लाल-पिवळे मासे दाखवायला नेलं, तर म्हणाले, “ही खेलन्यातली.” म्हणजे पाणी खाडीचंच हवं, मासेही खाडीचेच हवेत, आणि दादांची नजर शिल्लक आहे तोवर हवेत. त्यापलीकडे तिला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं.

“दिवाळ्यालाच ठेवली तर?” सुचित्राबाईंनी विचारलं. त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसत होता.

“आमच्या गल्लीत मांजरं किती आहेत ते पाहिलंय ना आई तुम्ही? त्यांना ते ताट वाढून ठेवल्यासारखं होईल. आणि दिवसातून दोनदा वीज जाते, पंप बंद पडला की मासे गेलेच.”

“मग इथे गॅलरीत?”

“दुपारी तिथे पापड वाळतात, आई. माशांचं कालवण होईल.”

साधं पाणी लॅमिनेटला विष, मग खारं पाणी म्हणजे काय असेल, हा विचार विलासरावांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होता. शेवटी त्यांनी विचारलं, “नाखवांची नजर किती दिवस राहील म्हणाले डॉक्टर?”

“ते नाही सांगत, बाबा.”

विलासराव उठले, टेप घेऊन आले आणि सोफ्यासमोरच्या भिंतीचं माप घेऊ लागले. “कोपऱ्यात नको,” ते म्हणाले, “माणसाला समोर बसता आलं पाहिजे.”

पुढच्याच रविवारी भाविकाचा भाऊ अंकुश आणि नवरा प्रसाद दोघांनी मिळून ड्रमच्या ड्रम पाणी लिफ्टने वर आणलं. विलासरावांनी दारापासून टाकीपर्यंत प्लास्टिक अंथरलं होतं आणि स्वतः हातात पंचा घेऊन नाकाबंदीच्या हवालदारासारखे उभे होते. भाविकाची आई, जिला ती आये म्हणायची, सकाळचा बाजार आटोपून मुद्दाम नारळ घेऊन आली. खाडीत पहिल्यांदा काही घालायचं तर आधी पाण्याला नारळ, ही कोळ्यांची रीत. खाडी फ्लॅटमध्ये आली म्हणून रीत बदलत नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, काचेला हळदकुंकू लावलं, नारळ पाण्याला टेकवून वर काढला आणि म्हणाली, “ह्यो जाताना खाडीत सोडीन. ही तिचीच पोर हाय.” सुचित्राबाईंनीही नकळत हात जोडले.

मग आयेने काचेत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. टाकीत पाणी नव्हतं, चहा होता. चांगला दूध घातलेला, दाट चहा. पलीकडची भिंत सोडाच, आत घातलेला हातसुद्धा मनगटापाशी नाहीसा होत होता.

“उधानाचा पानी आनलास तू,” आये लेकीला म्हणाली. “पुनव कालच जाली. खाडी तलापासून ढवलली हाय. भांगाला आनायचा व्हता, तवा पानी निवांत असता.”

भाविका कोळ्याची पोर, तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण भांग यायला अष्टमी उजाडावी लागते, आणि दादांच्या डोळ्यांकडे बघून तिला एक दिवससुद्धा फुकट घालवायचा नव्हता. दुकानदाराने नळाच्या पाण्यात मीठ मिसळायचा सल्ला दिला होता, तो तिला कानाला शिवू द्यावासाही वाटला नाही. खाडीचा मासा खाडीच्या पाण्यात राहायचा, यात विचारायचं काय? “बसेल गाळ खाली,” ती म्हणाली. “लॅबमध्ये नळी उभी करून ठेवली की सगळं खाली बसतं. उद्यापर्यंत निवळेल.” मासे तोवर अंकुशच्या होडीला बांधलेल्या जाळीच्या पेटीत, खाडीच्या पाण्यातच राहणार होते.

उद्या उजाडला. पाणी वरून बोटभर निवळलेलं दिसलं. भाविकाला हायसं वाटलं. तेवढ्यात बेल वाजली, प्रसाद दूध घ्यायला धावला, आणि ती परत बघते तर बोटभर निवळलेलंही नाहीसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. रात्रभर गाळ खाली बसायचा, सकाळी घर जागं झालं की पुन्हा उठायचा. मग घरात नियम झाले. हॉलमधून जाताना भिंतीच्या कडेने जायचं. टाचा टेकायच्या नाहीत. विलासराव मोजे घालून, दोन्ही हात पसरून, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखे दारापर्यंत जात. “घरात बाळंतीण असती तरी एवढं जपलं नसतं,” सुचित्राबाई कुजबुजायच्या. कुजबुजल्यानेही गाळ उठेल, अशी त्यांना धास्ती होती.

तिकडे दिवाळ्याहून आयेचे फोन येत. दादांनी चहाचा कप घ्यायला हात पुढे केला तो कपाच्या बाजूने गेला. ताटातली कडेची भाकरी त्यांना दिसत नाही, मधली तेवढी दिसते. आणि मग एक दिवस आयेने सांगितलं की धक्क्याच्या पायरीवर त्यांचा पाय हवेत पडला, अंकुशने धरलं म्हणून वाचले. भाविकाने फोन ठेवला आणि टाकीसमोर बसून राहिली. काचेत तिला फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं. तिला रडू आलं ते पाण्याच्या रागाने. इतकी वर्षं या पाण्याने दादांपासून सगळं लपवलं, आणि आता घरात येऊनही ते उघडायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून लवकर घरी आली आणि दारातच थबकली. विलासराव हॉलमध्ये टाकीजवळ पालथे पडले होते. गाल लॅमिनेटला टेकवलेला, एक डोळा मिटलेला. सुचित्राबाई स्वयंपाकघरापासून दारापर्यंत परेड करत होत्या.

“परत,” विलासराव खालून म्हणाले. “जरा दणकून चाल.”

“अहो, खालचे लोक वर येतील.”

“येऊ देत. चाल तू.” मग त्यांना सून दिसली. “भाविका, ये. इथे पड. बघ.”

भाविकाने पर्स टाकली आणि सासऱ्यांच्या शेजारी आडवी झाली. असं या घरात कधी कोणी केलं नसेल. तिने गाल जमिनीला लावला. सुचित्राबाईंचं पाऊल पडलं, आणि गालाखालची फळी हलली. केसभर खाली गेली, केसभर वर आली. पुढचं पाऊल, पुन्हा तसंच. ती झोपलेल्या जनावराच्या अंगावर डोकं ठेवून पडली आहे असं तिला वाटलं. स्टँडचे पाय त्याच फळ्यांवर होते. पाऊल पडलं की स्टँड शहारायचा, आणि टाकीच्या तळातून गाळाची बारीक रेघ धुरासारखी वर चढायची.

“म्हणजे जमीन,” भाविका म्हणाली.

“जमीन,” विलासराव म्हणाले.

त्यांनी लॅमिनेट टाकून देणाऱ्या केतनला फोन लावला. स्पीकरवर केतनचा आवाज आला, “काका, ती खालच्या लादीला चिकटवलेली नसते. मध्ये फोमची शीट असते, फळ्या एकमेकींत अडकवून वर नुसत्या सोडलेल्या असतात. त्याला फ्लोटिंगच म्हणतात. तरंगती. आणि वजन तर बिलकूल ठेवू नका, सांधे उघडतील.”

“म्हणजे एवढी वर्षं मी तरंगतोय?” विलासरावांनी विचारलं.

“तसंच समजा, काका.”

विलासराव फोन हातात धरून जमिनीकडे बघत राहिले. भाविकाला त्यांच्याकडे बघवेना. टाकी उचलून परत द्यावी, एवढंच आता उरलं होतं. तिने मनाशी वाक्यही जुळवलं, सासऱ्यांना वाईट वाटणार नाही असं. पण तिच्याआधी विलासरावच बोलले.

“केतन, उद्या कटर घेऊन ये. टाकीच्या मापाचा तुकडा कापायचा. टाकी खालच्या लादीवर बसवायची.”

“काका, हा रंग आता येत नाही. कंपनीने बंद केला. नंतर जोडायचं म्हटलं तर मॅच नाही होणार.”

“ये तू.”

ज्या बाईने त्या जमिनीला भुशाची फळी म्हटलं होतं, तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. “अहो, तुमची जमीन आहे ती,” सुचित्राबाई म्हणाल्या. “हौसेची.”

“माझीच आहे ना,” विलासराव म्हणाले. “मग मला विचारून कापतोय मी.” आणि ते पेन्सिल शोधायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. एका पेन्सिलीला इतका वेळ लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

टाकी उपसून, स्टँड सरकवून केतनने कापलं तेव्हा विलासराव जवळ उभे होते. कटरचा आवाज सुरू झाला तसा त्यांनी एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. फळ्यांचा तुकडा निघाला, त्याखालचा पांढरा फोम निघाला, आणि खालून जुनी ठिपक्यांची लादी वर आली. थंडगार आणि घट्ट. केतनने कापलेल्या कडेला पट्टी बसवली, आणि लॅमिनेट स्टँडला टेकणार नाही एवढी फट मध्ये सोडली. रिकामा स्टँड लादीवर बसला. विलासरावांनी त्याला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, मग हॉलमधून पाय आपटत एक फेरी मारली, मग चक्क उडी मारली. स्टँडवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी हललं नाही. त्या वयात माणसाने उडी मारून असं खूश होणं भाविकाने कधी पाहिलं नव्हतं.

एव्हाना भांग लागला होता. या वेळी पाणी आयेने आपल्या हाताने निवडलं, भरती ओहोटीच्या मधल्या स्तब्ध वेळी, धक्क्यापासून लांब जाऊन. अंकुशने धक्क्याचा एक दगड आणि टोपलीभर गाळही आणला. खाडी म्हटली की गाळ आलाच. टाकी भरली. संध्याकाळी ती धुरकट होती. सगळे झोपायला गेले.

सकाळी भाविका उठून बाहेर आली आणि तिला आधी वाटलं, टाकी रिकामी झाली. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि काचेतून आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं. भिंतीवर उजेडाची जाळी हलत होती. ती जवळ गेली. पाणी होतं. काठोकाठ होतं. फक्त ते दिसत नव्हतं. तळाशी गाळ मळलेल्या कणकेसारखा मऊ पसरला होता, आणि त्यावर एका बारीक शंखाने रात्रभर चालून स्वतःची वाट आखून ठेवली होती.

मग तिचं लक्ष दगडाकडे गेलं. धक्क्याच्या दगडांना पांढरी, टोकदार, बोटाच्या पेराएवढी कवचं चिकटलेली असतात. लहानपणी त्यांनी तिचे पाय किती वेळा कापले होते. ती त्यांना दगडच समजायची. आता त्यांतल्या एकाचं टोक उघडलं आणि आतून पिसासारखा एक हात बाहेर आला, पाण्यातून काहीतरी ओंजळीत घेतल्यासारखा वळला आणि आत गेला. मग दुसऱ्याचा हात आला. मग सगळ्यांचे येऊ लागले. सगळा दगड पाण्याला हात करत होता. भाविका गुडघ्यांवर बसली. सव्वीस वर्षं ती या खाडीची पोर म्हणवून घेत होती, आणि तिला खाडीतलं काहीच माहीत नव्हतं.

“बाबा,” तिने हाक मारली. विलासराव आले, सुचित्राबाई आल्या. गॅसवर दूध उतू जाऊ लागलं तरी कोणी उठलं नाही.

त्याच दिवशी अंकुशने मासे आणून सोडले. बोईटांची चार-पाच पिल्लं, थोडी कोळंबी, दगडाच्या पाण्याबाहेरच्या टोकावर बसायला चिखलात राहणाऱ्या दोन निवट्या, आणि वीतभर लांबीचा एक जिताडा. जिताड्याला त्याने आधी पोटभर चारून आणलं होतं, नाहीतर बाकीचे त्याचं जेवण झाले असते.

दुपारनंतर आये दादांना घेऊन आली. दादा दारातच थांबले. “पाय खराब हायेत माजे,” ते म्हणाले. “लाकडी हाय ना जमीन?”

“या हो नाखवा, जमीन कुठे पळून जात नाही,” म्हणत विलासरावांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना टाकीपाशी नेलं. दादांच्या तळपायाला कापलेल्या कडेची पट्टी लागली. त्यांनी पायाने ती चाचपली. “ह्या काय?”

“काही नाही,” विलासराव म्हणाले. “डिझाइन आहे. हल्ली अशी फॅशन आहे.”

दादा मांडी घालून काचेसमोर बसले. भाविका त्यांच्या शेजारी. तिचं हृदय इतकं जोरात धडधडत होतं की त्यानेच पाणी ढवळून निघेल, असं तिला वाटलं. दादांनी मान सरळ केली आणि पाहिलं. एकदा वर पाहिलं, एकदा बाजूला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काय दिसत नाय, बाय,” ते हळूच म्हणाले. “नुसता चमकते.”

आयेने पदर तोंडाला लावला. इतका उशीर झाला असेल असं भाविकाला वाटलं नव्हतं, आणि आता तेच वाटू लागलं. मग तिने काचेकडे दादांच्या बाजूने पाहिलं. गॅलरीतून येणारं दुपारचं ऊन नेमकं काचेवर आदळत होतं. ती उठली, पडदा ओढला, पुन्हा बसली आणि दादांची हनुवटी दोन बोटांनी धरली. लहानपणी दादा तिची धरायचे, वेणी घालताना, तशी. “आता बग,” ती म्हणाली. “जरा खाली. डावीकडे. अजून थोडा. हां, तिथंच ऱ्हा.”

दादा थांबले. तिच्या बोटांत त्यांची हनुवटी होती, म्हणून तिला कळलं की त्यांनी श्वास घेणं थांबवलं आहे.

त्यांच्या नळीएवढ्या नजरेच्या बरोबर मधोमध जिताडा उभा होता. पोहत नव्हता. नुसता उभा होता, आणि कल्ल्यांजवळचे दोन पंख तेवढे सावकाश हलत होते, बाई दुपारी बसल्या बसल्या पदराने वारा घेते तसे. त्याचे डोळे सोनेरी होते. तो दादांकडे बघत होता, आणि दादा त्याच्याकडे.

“उभा हाय,” दादा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो फक्त भाविकाला ऐकू आला असावा. “आये, उभा हाय गो तो.”

दादांनी बायकोला लेकीसारखं ‘आये’ म्हटलेलं भाविकाने पहिल्यांदा ऐकलं. तिने खूण केली तशी आयेही खाली येऊन बसली. बोईटांची पिल्लं एका वळणात सगळी मिळून वळली आणि वळताना चांदीसारखी चमकली. कोळंबी गाळावरून चालत आली, मिशा पुढे चाचपत, आंधळ्याच्या काठीसारख्या. तिच्या अंगातून पलीकडचं दिसत होतं, आणि डोक्यामागे काहीतरी इवलंसं, भरभर, न थांबता हलत होतं.

“त्या काय?” दादांनी विचारलं.

“काळीज,” भाविका म्हणाली.

अख्खं आयुष्य आयेने कोळंबी वाट्याने विकली होती. एका वाट्यात किती काळजं बसतात, असं आता तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. एक निवटी दगडावर चढून बसली, एक डोळा आत ओढून पुसल्यासारखा केला आणि बाहेर काढला. सुचित्राबाई हसल्या, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात धरला. देवळात हसल्यासारखं त्यांना वाटलं असावं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

चहा आला आणि निवला. दादांची नजर तेवढ्याशा वर्तुळात काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती. घाई नाही, बोलणं नाही. जाळ्याची दोरी हातात धरून भरतीची वाट बघत बसावं तसे ते बसले होते. खूप वेळाने ते बोलले, आणि ते कोणाशी बोलत होते ते सांगता येणार नाही.

“मना वाटायचा, मासा म्हंजी तडफड. जाल्यात तडफड, होडीत तडफड, पाटीत तडफड. दुसरा कायच मी बगला नाय. म्हंजी आमी गेलो का तडफड. नायतर ही अशीच असतात.” त्यांनी काचेवर तळहात ठेवला. “घरात बसल्यासारखी.”

विलासराव खुर्चीवरून उठले आणि जमिनीवर, आपल्या लाडक्या फळ्यांवर, दादांच्या बाजूला मांडी घालून बसले. त्यांच्या हातातल्या कपातला चहा थोडा सांडला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मग दादांनी डोळे मिटले.

भाविका घाबरली. “दादा, डोले दुकतात का?”

“थांब.” त्यांनी डोळे उघडले, जिताड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले. परत उघडले. परत मिटले. मूल पाठ केलेलं म्हणून बघतं, आणि अडलं की पुस्तकात डोकावतं, तसं ते चाललं होतं.

“काय करतंस?” भाविकाने विचारलं.

“बगतंय,” दादा म्हणाले. “डोले मिटल्यावर ऱ्हाते का.”

पंपाचे बुडबुडे तेवढे वर येत राहिले. दादांची मान ताठ होती, डोळे घट्ट मिटलेले होते, आणि चेहरा बराच वेळ कोरा होता.

“ऱ्हाते,” ते म्हणाले.

भाविकाने पाहिलं. टाकीतला जिताडा आता डावीकडून निघून सावकाश उजवीकडे चालला होता. आणि दादांच्या मिटलेल्या पापण्यांखाली त्यांची बुबुळंही डावीकडून उजवीकडे, तितक्याच सावकाश सरकत होती.